पाणबुडीला टग का लागतो?

प्रश्न : भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदराकडे जाताना नौदल गोदीच्या दिशेने निघालेली एक काळी पाणबुडी दिसली. तिच्या दोन्ही अंगांना दोन बुटके टग (मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-रेटणाऱ्या दणकट बोटी) चिकटून चालले होते. सोबतच्या नातीने विचारले, "आजोबा, पाणबुडी एवढी शूर असते, मग तिला हाताला धरून का नेतात?" मला उत्तर सुचले नाही. टग आणि पाणबुडी यांत खरे ताकदवान कोण? (एक वाचक, माझगाव)

उत्तर : नातीचा प्रश्न आजोबांच्या प्रश्नापेक्षा नेमका आहे, हे आधी कबूल करून टाकतो. ताकदवान कोण हे सांगण्यापूर्वी ताकद कशासाठी हवी आहे ते विचारावे लागते, आणि या दोन जहाजांच्या वाटा तिथेच फुटतात.

तुम्ही पाहिलेली पाणबुडी कलवरी वर्गातली असण्याची शक्यता बरीच आहे. या वर्गातल्या सहाही पाणबुड्या फ्रेंच स्कॉर्पीन आराखड्यावरून तुमच्याच माझगावात, माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या. पहिली 'कलवरी' १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली आणि सहावी 'वागशीर' १५ जानेवारी २०२५ रोजी. (दुसरीचे नाव 'खांदेरी' आहे. थळसमोरच्या बेटावरचा या नावाचा शिवकालीन जलदुर्ग अलिबागकडे जाणाऱ्यांना ठाऊक असेलच.) या पाणबुडीची लांबी सुमारे ६७.५ मीटर, रुंदी मात्र ६.२ मीटर, आणि पाण्यावर असताना वजन साधारण १,६१५ टन. तिच्यातली दोन डिझेल इंजिने प्रत्येकी १,२५० किलोवॉटची, म्हणजे दोन्ही मिळून अडीच हजार किलोवॉट. आता मोठ्या कंटेनर जहाजांना धक्क्याला लावणारा आजचा टग घ्या. त्याची लांबी २८ ते ३० मीटर, म्हणजे पाणबुडीच्या निम्म्याहूनही कमी. रुंदी मात्र दहा-अकरा मीटर, आणि दोन इंजिनांची बेरीज साडेतीन ते चार हजार किलोवॉट. डिझेलच्या हिशेबात त्या बुटक्या टगने पाणबुडीला केव्हाच मागे टाकलेले असते.

हे ऐकून पाणबुडीला कमी लेखू नये. तिची डिझेल इंजिने पंखा फिरवण्यासाठी नसतातच. ती बॅटऱ्या भरण्यासाठी असतात. या वर्गात बॅटरीचे ३६० सेल आहेत आणि प्रत्येकाचे वजन ७५० किलो आहे. गुणाकार केला तर २७० टन होतात, म्हणजे पाणबुडीच्या वजनाचा सुमारे सहावा हिस्सा निव्वळ बॅटरीचा. या साठ्यावर चालणारी विजेची मोटर पंखा फिरवते, आणि तीही कशी, तर शक्य तितकी हळू आणि गुपचूप. पंखा जोरात फिरला की पात्यांच्या पाठीवर पाण्याचा दाब एकदम उतरतो, तिथे वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. त्या फुटण्याचा खडखडाट पाण्यातून मैलोन्‌मैल ऐकू जातो. पाणबुडीच्या पंख्याची वळणदार पाती हा आवाज टाळण्यासाठी घडवलेली असतात. टगच्या पंख्याला अशी कुणाची भीड नसते. तो एका जाड पोलादी कड्यात बसवलेला असतो (जर्मन अभियंता लुडविग कोर्ट यांच्या नावावरून या कड्याला कोर्ट नॉझल म्हणतात), त्यामुळे कमी वेगात त्याचा रेटा पाव हिस्स्याच्या आसपास वाढतो, आणि आवाजाची पर्वा न करता तो पाणी अक्षरशः घुसळून काढतो.

टगची ताकद म्हणूनच वेगावर मोजत नाहीत. धक्क्यावरच्या खुंट्याला लांब दोर बांधून, मध्ये ताण मोजणारे यंत्र अडकवून, टगला जागच्या जागी पूर्ण जोर लावायला सांगतात. जेवढ्या टनांची ओढ काही मिनिटे टिकून राहील तेवढा त्याचा 'बोलार्ड पुल'. अशी चाचणी एकदा जवळून पाहण्याचा योग आला होता. इंजिनांचा घरघराट वाढत गेला तसा पाण्यात लोळणारा दोर हळूहळू वर उचलला गेला, सरळ झाला, आणि मग त्याच्यातून पाणी असे गळू लागले की जणू कुणी ओले धोतर पिळत आहे. टगचा मागचा भाग खाली दबला, त्याच्यामागचे पाणी उकळल्यासारखे पांढरे झाले, आणि तरीही टग तसूभर पुढे सरकला नाही. त्या क्षणी त्याचा वेग शून्य होता आणि ओढ ५० टनांच्या वर होती. ओढणाऱ्या जहाजाचे सामर्थ्य त्या शून्य वेगातच कळते.

पाणबुडीचे सगळे कसब याच्या उलट टोकाला आहे. कलवरी वर्गातली पाणबुडी पाण्यावर ११ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जाते, तर पाण्याखाली २० नॉटने. पाण्यावर असलेल्या प्रत्येक जहाजाची बरीच शक्ती स्वतःच उठवलेल्या लाटांवर खर्च होते. खोल बुडालेल्या पाणबुडीला लाटा उठवाव्याच लागत नाहीत. टगला तर हा लाटांचा लगाम चांगलाच जाचतो. अठ्ठावीस मीटरच्या आखूड, रुंद अंगाने इंजिनात कितीही दम असला तरी बारा-तेरा नॉटच्या पुढे तो जाऊच शकत नाही, आणि त्याला जायचेही नसते.

आता नातीच्या प्रश्नाकडे येऊ. बंदरात पाणबुडीला हात धरावा लागतो, कारण तिथे तिचे सगळे गुण अडचणीचे होतात. या पाणबुडीला पंखा एकच, तोही शेपटाशी. सुकाणूला काम करण्यासाठी त्याच्यावरून पाणी वाहावे लागते. धक्क्याजवळ वेग दोन नॉटवर आला की सुकाणू फिरवूनही नाळ, म्हणजे पुढचे टोक, हवी तशी वळत नाही. अंग गोल, डेकवर उभे राहायला चिंचोळी पट्टी, आणि बहुतेक शरीर पाण्याखाली. भरतीच्या किंवा ओहोटीच्या ओढीत ती आडवी सापडली तर काय होईल, याचा ढोबळ हिशेब करता येतो. प्रवाह दोन नॉटचा असेल तर तिच्या बुडालेल्या अंगावर सुमारे पंधरा टनांचा रेटा बसतो. हा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे उधाणाच्या दिवशी प्रवाह दीडपट झाला तर तो सव्वादोनपट होऊन पस्तीस टनांच्या घरात जातो. भारतीय नौदलाने अलीकडच्या वर्षांत २५ टन आणि ५० टन ओढीचे टग बांधून घेतले आहेत. पंचविसाचे दोन टग दोन अंगांना का होते, ते या आकड्यांवरून लक्षात येईल. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ कमी असलेल्या दिवशी कदाचित एकानेही भागले असते, पण १,६१५ टनांच्या आणि अतिशय महागड्या वस्तूच्या बाबतीत कोणताही शहाणा अधिकारी असे 'कदाचित' गृहीत धरत नाही.

टगवाल्यांना मात्र पाणबुडीचे काम फारसे आवडत नाही, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. मालवाहू जहाजाची बाजू भिंतीसारखी उभी असते, टगने नाळ टेकवून बिनधास्त रेटावे. पाणबुडीचा सर्वांत रुंद भाग पाण्याखाली असतो. वर बघून अंतर पुरेसे वाटत असतानाच खाली टगचे अंग तिला लागलेले असू शकते. त्यात नाळेशी सोनारचे (पाण्यातल्या आवाजावरून वेध घेणाऱ्या यंत्रणेचे) नाजूक कान आणि टॉर्पेडोच्या नळ्यांची दारे, मागे पंखा आणि आडवे-उभे पंख, म्हणजे हात लावायला मधलाच थोडा पट्टा उरतो. म्हणून पाणबुडीसाठी पाण्याखाली खोलवर जाणारे रबरी किंवा हवा-पाणी भरलेले फेंडर (धक्का झेलणाऱ्या गाद्या) लावतात आणि टग जोर 'लावण्या'पेक्षा 'आवरण्या'चे काम अधिक करतो. लाखभर टनांच्या जहाजाशी झुंजणाऱ्या सारंगाला सोळाशे टनांची पाणबुडी हाताळणे म्हणजे पैलवानाने तान्हे मूल उचलण्यासारखे आहे. वजनाची चिंता नसते, धसमुसळेपणाची असते.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ टगवर खलाशी आहे, ते बार्ज (बिनइंजिनाच्या, सपाट बुडाच्या नौका) ओढून नेतात. पाण्याखालून जाणाऱ्या पाणबुडीपासून अशा टगला कधी धोका होतो का, की ही नुसती गोदीतली गप्पाष्टके? (एक वाचक, उरण)

उत्तर : धोका क्वचित, पण खरा आहे, आणि त्याचे एक नोंदलेले उदाहरण फार बोलके आहे. १४ जून १९८९ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'बारकोना' नावाचा टग बार्ज ओढून नेत होता. त्याच सुमारास अमेरिकी नौदलाची 'ह्यूस्टन' ही अणुपाणबुडी पाण्याखालून जात होती. ही पाणबुडी सुमारे ११० मीटर लांब आणि बुडालेल्या अवस्थेत सात हजार टनांच्या आसपास. टग आणि बार्ज यांमधली पोलादी केबल तिच्यात अडकली. टग मागे आणि खाली खेचला जाऊन बुडाला आणि त्याच्यावरचा एक खलाशी मृत्यू पावला.

पाणबुडीचे कान एवढे तीक्ष्ण असताना हे घडले कसे? टग प्रचंड आवाज करतो, त्यामुळे तो ऐकू येण्याबद्दल प्रश्न नसतो. त्याच्यामागचा बार्ज मात्र मुका असतो. त्याला इंजिन नाही, पंखा नाही. आणि या दोघांमधली केबल तर पूर्णपणे नि:शब्द. शिवाय ती सरळ ताणलेली नसते. समुद्रात लाटांचे हिसके सोसावेत म्हणून टगवाले मुद्दाम लांब, जड केबल सोडतात. ती स्वतःच्या वजनाने झोळीसारखी खाली लोंबते आणि तिचा तळ पृष्ठभागापासून बराच खोल जातो. पाणबुडीतल्या ऐकणाऱ्याला पुढे एक आवाज आणि त्याच्या मागे मोकळे पाणी एवढेच कळते. त्या मोकळ्या वाटणाऱ्या पाण्यातच झोळी टांगलेली असते.

यासाठीच आंतरराष्ट्रीय नियमांत ओढणाऱ्या जहाजाची खूण वेगळी ठरवली आहे. टगच्या पिछाडीपासून ओढल्या जाणाऱ्या शेवटच्या वस्तूच्या टोकापर्यंतचे अंतर २०० मीटरपेक्षा अधिक असेल तर रात्री पुढच्या बाजूला एकाखाली एक तीन पांढरे दिवे लावायचे, मागच्या दिव्यावर एक पिवळा दिवा लावायचा, आणि दिवसा शंकरपाळ्याच्या आकाराची काळी खूण टांगायची. अंतर त्याहून कमी असेल तर पांढरे दिवे दोन. पेरिस्कोपमधून बघणाऱ्याला त्या तीन दिव्यांचा अर्थ लगेच कळतो. तो आपल्या मासेमारी बांधवांनाही कळायला हवा, कारण टग आणि बार्ज यांच्यामधून होडी काढण्याचा मोह जीवावर बेततो. छोट्या नौका आणि पाणबुडी यांच्यातले अपघात परदेशातच होतात असेही नाही: २१ नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ७० सागरी मैलांवर 'मार्थोमा' ही मासेमारी नौका आणि आपल्या नौदलाची स्कॉर्पीन वर्गातली पाणबुडी यांची टक्कर झाली, नौकेवरच्या १३ जणांपैकी ११ जणांना वाचवण्यात आले.

तरीही भावाची काळजी वाटत असेल तर पाणबुडीपेक्षा त्याच्याच दोराची अधिक करा. ओढले जाणारे जहाज वेगात पुढे निघून गेले, किंवा टग चुकीच्या कोनात सापडला, की दोर मागून ओढण्याऐवजी आडवा ओढू लागतो, आणि जो दोर टगची रोजीरोटी आहे तोच त्याला कुशीवर पाडतो. हे काही सेकंदांत घडते. १९ डिसेंबर २००७ रोजी स्कॉटलंडच्या क्लाइड नदीत, दाट धुक्यात, 'फ्लाइंग फँटम' हा टग असाच उलटला आणि त्याच्यावरच्या चौघांपैकी तिघे गेले. जोर आल्यावर दोर तात्काळ सोडून देणारा हूक टगवर असतो तो यासाठी. तो हूक शेवटचा कधी सोडून पाहिला होता, एवढा एक प्रश्न भाऊ घरी आल्यावर जरूर विचारा.

प्रश्न : वादळात टगवर असणे सुरक्षित की पाणबुडीत? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : खोल पाणी असेल तर पाणबुडीत, यात शंका नाही. लाटेची हालचाल खोलीबरोबर झपाट्याने मंदावते. दर दहा सेकंदांनी येणाऱ्या लाटेची लांबी खोल समुद्रात सुमारे १५६ मीटर असते. तिच्या निम्म्याइतके, म्हणजे ७८ मीटर खाली गेले की हालचाल वरच्या तुलनेत चार-पाच टक्के उरते. वर आठ मीटरच्या लाटा असल्या तरी खाली वीतदीड वीत डुलणे जाणवेल.

पण 'खोल पाणी असेल तर' ही अट मुंबईकराने नीट वाचावी. आपल्या किनाऱ्यासमोरचा समुद्र फार दूरपर्यंत उथळ आहे. दीडशेहून अधिक किलोमीटर आत असलेल्या बॉम्बे हाय इथेही पाण्याची खोली जेमतेम ७५ मीटर आहे, ६७.५ मीटरची पाणबुडी तिथे शेपटीवर उभी केली तर तिची नाळ पृष्ठभागाच्या अगदी जवळ येईल. शिवाय बॅटऱ्या भरण्यासाठी पाणबुडीला कधीतरी वर, पेरिस्कोपच्या खोलीवर यावेच लागते. तिथे, सुमारे १६ मीटरवर, याच लाटेची निम्मी हालचाल अजून शिल्लक असते. हवा घेणाऱ्या नळीच्या तोंडावर लाट आली की तिची झडप आपोआप बंद होते, इंजिने मात्र चालूच असतात आणि ती पाणबुडीतलीच हवा शोषू लागतात. आतल्या सगळ्यांच्या कानांत दडे बसतात, झडप उघडली की सुटतात, पुढच्या लाटेला पुन्हा बसतात. पावसाळ्यात अरबी समुद्रात हा खेळ तासन्‌तास चालू शकतो.

टगला बुडी मारण्याची सोयच नाही. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईसमोर पी-३०५ हा निवासी बार्ज बुडाला तेव्हाच 'वरप्रदा' हा टगही बुडाला, आणि त्याच्यावरच्या १३ जणांपैकी दोघेच वाचले. टगचे अंग रुंद आणि इंजिन दमदार असते ते बंदरातल्या कामासाठी. कामाची सोय म्हणून त्याचा मागचा डेक पाण्याच्या अगदी जवळ ठेवलेला असतो, आणि त्या डेकवर चढलेले पाणी उघड्या राहिलेल्या एखाद्या दारातून आत शिरले की इंजिनाचा दम काही उपयोगाचा नसतो. पाणबुडीला 'बुडण्याची' भीती नाही असे विनोदाने म्हणतात, पण तिचा शिलकी तरंगपणाही थोडाच असतो: पाण्यावर १,६१५ टन आणि पाण्याखाली १,७७५ टन, म्हणजे फरक फक्त १६० टनांचा. झाकण उघडे असताना तिला लाट जशी नको असते, तशीच टगला उघड्या दाराशी नको असते. वादळाच्या इशाऱ्यानंतर दोघांनीही करायचे पहिले काम एकच, दारे घट्ट लावून घेणे.

प्रश्न : बंद पडलेली पाणबुडी टग दूरवर ओढून नेऊ शकतो का? आणि तिच्या गुळगुळीत पाठीवर दोर बांधतात तरी कुठे? (एक विद्यार्थिनी, दादर)

उत्तर : ओढू शकतो, पण पाणबुडीचे अंग धड असले तरच. रशियाची 'के-१५९' ही निवृत्त अणुपाणबुडी ऑगस्ट २००३ मध्ये, गंजलेल्या अवस्थेत, बाहेरून तरंगे बांधून मोडीत काढण्यासाठी ओढून नेत होते. वादळात तरंगे सुटले, ३० ऑगस्टला ती बॅरेंट्स समुद्रात बुडाली आणि तिच्यावर असलेल्या दहापैकी नऊ जण गेले. टगची ओढ कमी पडली नव्हती. ओढली जाणारी वस्तूच तरंगण्याच्या लायकीची राहिली नव्हती.

दोर बांधायचे खुंटे पाणबुडीवरही असतात, फक्त ते घडीचे किंवा फिरवून आत घेण्याचे असतात. बंदरात शिरताना खलाशी ते वर काढतात आणि टगचा दोर त्यांना घालतात. समुद्रात जाताना टग दोर सोडून मागे वळला की कुणीतरी डेकवरून चालत जाऊन प्रत्येक खुंटा आत बसला आहे ना, हे हाताने चाचपून पाहतो, कारण एखादा अर्धवट वर राहिला तर पाण्याखाली त्याच्यावरून जाणारा प्रवाह वाजू लागतो.